दुसऱ्या कडव्यातला खोकला

नाताळच्या पहाटे जन्मली म्हणून नोएलीन.
आडनाव डच, फॉन ट्वेस्ट. त्यातलं डच एवढंच उरलेलं
की डिसेंबरात तिची आई ब्रूडर भाजायची
आणि आम्हा तमिळ पोरांनाही खिडकीतून तुकडा द्यायची.
कोटहेनाच्या चर्चमध्ये ती वर उभी राहून गायची,
मी खाली अकॉर्डियनच्या भात्याला ठिगळं लावत बसायचो.

एकसष्ट साली निर्माता म्हणाला,
हे नाव पडद्यावर चालायचं नाही, बाई.
सिगारेटच्या पाकिटावर त्यानं चार नावं लिहून
तिच्यापुढे सरकवली, दुकानात साड्या टाकतात तशी.
तिनं उचललं निरंजला.
म्हणाली, न तरी माझाच आहे.

तलैमन्नारपर्यंत आगगाडी, मग बोट,
मग धनुषकोडीची वाळू, डब्यात, दातांत, माझ्या पट्ट्यांच्या फटीत.
मद्रासच्या स्टुडिओत रेकॉर्डिंगपुरते पंखे बंद.
सिंहली गाणं तिनं रोमन अक्षरांत उतरवून घेतलेलं,
घामानं शाई पसरली
आणि दुसऱ्या कडव्यात एक शब्द वाचता येईना.
तिनं तिथे नुसता आकार घेतला,
वर गेली, थोडी घाबरली, उतरली.
संगीतकार काचेमागून ओरडला, हीच! हीच जागा!
पुढे वर्तमानपत्रात आलं की ती जागा देवानं दिली.
मी चार हातांवर होतो.
घामानं दिली.

तिची आई एकदाच सिनेमाला आली.
नायिकेचे ओठ बघत राहिली अख्खं गाणं.
बाहेर येऊन म्हणाली,
पोरगी उपाशी दिसते गं, कोण आहे?

शनिवारी गॉल फेसच्या हॉटेलात मात्र ती नोएलीनच.
चंदेरी बूट, इंग्रजी गाणी, अकरा वाजले की बैला,
बोटीवरून उतरलेले खलाशी टेबलं वाजवायचे.
त्यांतल्या कुणाला ठाऊक नव्हतं
की बाहेर रिक्षावाला गुणगुणतोय तो गळाही हाच.
तिला याची गंमत वाटायची.
पुढे पुढे वाटेनाशी झाली.

मग तो त्र्याऐंशीचा जुलै.
वेल्लवत्तेतलं माझं घर गेलं. स्टुडिओ गेला,
फितींचं कपाट म्हणे तीन दिवस धुमसत होतं.
मी अकरा दिवस तिच्या कोठीच्या खोलीत,
तांदळाच्या पोत्यामागे, पेटी पोटाशी धरून.
पाचव्या दिवशी फाटकाशी माणसं आली.
तिनं दार उघडलं नाही.
पियानोवर बसली आणि ते गाणं म्हणाली,
निरंजलाचं, दोन्ही कडवी.
माणसं गेली.
गाण्यामुळे गेली, की पलीकडच्या घरात
न्यायला जास्त होतं म्हणून,
आम्ही दोघांनी कधी बोलून पाहिलं नाही.

मूळ फीत राहिली नाही. उरली एकच कॅसेट:
कुरुणेगलच्या पियसेन नावाच्या बस ड्रायव्हरनं
रेडिओला यंत्र लावून उतरवलेली.
आणि त्याची धाकटी पोर
दुसऱ्या कडव्यात, नेमकी त्या जागेवर, खोकली.
आता सगळीकडे वाजतं ते हेच.
लग्नात, बसमध्ये, मोबाईलवर,
आकार सुरू होतो, खोकला, आकार संपतो.

गेल्या महिन्यात देहिवळाला तिच्या घरी
चार पोरं आली, गिटारी घेऊन.
गाणं नव्यानं करायचंय, आजी.
त्या खोकल्याखाली काय होतं?
ती ब्याऐंशीची. आवाज बसलेला, कान बरे.
खूप वेळ छताकडे बघत राहिली.
मग माझ्याकडे.

मला येते ती जागा. बोटांना अजून येते.
पेटी कोपऱ्यातच होती, भाता शिवलेला.
मी चहात साखर ढवळत राहिलो.

तिनं घसा साफ केला, पदर सारखा केला,
वर गेली, अगदी थोडी,
आणि खोकली.

असंच होतं, म्हणाली.
पोरांनी लिहून घेतलं.